साल्हेर जगाच्या यादीत, मुल्हेर कुणाच्या यादीत?

११ जुलै २०२५ ची संध्याकाळ. पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची ४७ वी बैठक चालू होती आणि इकडे नाशिकमध्ये आम्ही सगळे पत्रकार मोबाईल रिफ्रेश करत बसलो होतो. बातमी आली. 'मराठा लष्करी स्थापत्य' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत. महाराष्ट्रातले अकरा, तमिळनाडूतला जिंजी बारावा. आणि त्या अकरात आपल्या नाशिक जिल्ह्याचा साल्हेर.

मी चारशे शब्दांची बातमी वीस मिनिटांत ठोकून दिली. 'नाशिकच्या शिरपेचात मानाचा तुरा' वगैरे. उंची, लढाईचं साल, मंत्र्यांची प्रतिक्रिया. झालं.

रात्री घरी आलो तर आप्पा (माझे वडील) टीव्हीसमोर बसलेले. आप्पा एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं सटाणा-मुल्हेर मार्गावर ड्युटी. तिकिटांचा ट्रे, पंच, शेवटच्या गाडीचा मुल्हेरचा मुक्काम, हे सगळं आम्ही लहानपणी ऐकलेलं. त्यांनी बातमी बघितली आणि एवढंच विचारलं, "आणि मुल्हेरचं काय लिहिलंस?"

मी म्हटलं, "मुल्हेर यादीत नाही आप्पा."

"यादीत नसू दे. राजधानी तर ती होती ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर पंचवीस वर्षं नाशिक जिल्ह्यात पत्रकारिता करून मी साल्हेर एकदाच चढलो होतो, तोही कॉलेजात, आणि मुल्हेर एकदाही नाही. बागलाणवर माझ्या नावाने किती बातम्या छापून आल्या असतील? कांदा, डाळिंब, गारपीट, पाण्याचं आवर्तन. पण हा मुलूख मुळात काय होता हे मला धड माहीत नव्हतं. म्हणून डिसेंबरात तीन दिवस सुटी टाकली आणि निघालो. ही पोस्ट त्या तीन दिवसांची आणि त्यानंतर वाचलेल्या पुस्तकांची आहे. मोठी आहे. चहा घेऊन बसा.

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने पिंपळगाव, मग सोग्रस फाटा. तिथून डावीकडे वळून भावडबारीचा घाट चढला की देवळा, पुढे सटाणा. सटाण्याला आरम नदीच्या काठी यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे. देवमामलेदार. भोसेकर आडनावाचे हे इंग्रजी अमलातले मामलेदार. दुष्काळात लोक मरायला लागले तेव्हा त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. त्यांच्या नावाची यात्रा भरते. महसूल खात्याच्या अधिकाऱ्याचं मंदिर बांधणारा तालुका मला दुसरा माहीत नाही. आजच्या तहसील कार्यालयात जाऊन आलेल्या माणसाला यावर हसावं की रडावं कळणार नाही.

सटाण्यापुढे ताहाराबाद. तिथे आलं की डोंगर बदलतात. एका बाजूला सेलबारीची रांग, तिच्यावर मांगी-तुंगीचे दोन सुळके. दुसऱ्या बाजूला डोलबारीची रांग, तिच्यावर मुल्हेर, मोरा, हरगड, सालोटा, साल्हेर. मधून मोसम नदी. मांगी-तुंगीला २०१६ साली १०८ फुटांची ऋषभदेवांची मूर्ती झाली तेव्हापासून इकडे गाड्या वाढल्या. पण बहुतेक गाड्या मूर्ती बघून परत फिरतात. मुल्हेरचा रस्ता सरळ पुढे जातो आणि त्यावर गर्दी नसते.

आता मुद्द्याचं. बागलाण हा आज आपल्याला तालुका वाटतो. चारशे वर्षांपूर्वी ते राज्य होतं. डोंगरातलं, छोटं, पण स्वतःचा राजा, स्वतःची टांकसाळ आणि स्वतःचा दरबारी कवी असलेलं राज्य.

राजघराणं बागुलांचं. ते स्वतःला राठोड म्हणवत, मूळ कनौजचे असं सांगत. बागुलांवरून बागलाण. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १६३८ पर्यंत, म्हणजे सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ, त्यांनी हा डोंगराळ पट्टा सांभाळला. आजूबाजूला कोण होतं बघा. उत्तरेला गुजरातचे सुलतान, पूर्वेला खानदेशचे फारुकी, दक्षिणेला बहमनी आणि मग निजामशाही. सगळे मोठे. बागुल कधी याला खंडणी देत, कधी त्याला, पण गादी टिकवून राहिले.

कशाच्या जोरावर? नकाशा उघडून बघा. सुरत हे त्या काळातलं पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात श्रीमंत बंदर. सुरतेहून माल बुऱ्हाणपूरला जायचा, दौलताबादला जायचा. तो रस्ता एकतर बागलाणातून जायचा नाहीतर बागलाणच्या पायथ्याने. म्हणजे ज्याच्या हातात साल्हेर-मुल्हेर, त्याच्या हातात सुरतेच्या व्यापाराची मान.

अकबराच्या दरबारात अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी' लिहिली. तिच्यात सुरत आणि नंदुरबारच्या मधला हा मुलूख आहे. डोंगराळ पण चांगला वस्तीचा, राजा राठोड, सात नामांकित किल्ले, त्यात मुल्हेर आणि साल्हेर सगळ्यात बळकट. आणि पुढे फळांची नावं. त्यात द्राक्षं आहेत, डाळिंब आहे!

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. आपण समजतो द्राक्ष आणि डाळिंब बागलाणात आपल्या आजोबांनी नाहीतर कृषी खात्याने आणलं. आज सटाण्याची अर्ली द्राक्षं परदेशात जातात, डाळिंबावर तेल्या पडला की इथली लग्नं पुढे ढकलली जातात. आणि चारशे वर्षांपूर्वी अकबराच्या दरबारात बसलेला माणूस लिहितोय की या डोंगरात द्राक्षं आणि डाळिंबं चांगली होतात.

विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० साली सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला. त्याने प्रवासात ऐकलेलं लिहून ठेवलंय. मुल्हेर आणि साल्हेर ही दोन मोठी गावं, तिथे महमुदी नावाचं चांदीचं नाणं पाडलं जातं, वर दोन प्रचंड किल्ले, वाट एवढी अरुंद की दोन माणसं जेमतेम शेजारी शेजारी जातील, वाटेवर जागोजाग चौक्या, डोंगरमाथ्यावर चारा, धान्य, वाहते झरे. आणि अकबराने इथे सात वर्षं वेढा घातला, शेवटी त्यालाच तडजोड करावी लागली. उलट काही गावं राजाला द्यावी लागली, का, तर आमचे व्यापारी या वाटेने सुखरूप जाऊ दे म्हणून. ऐकीव माहितीत थोडं मीठमसाला असेलच. पण असिरगडासारखा किल्ला १६०१ मध्ये घेणारा अकबर बागलाण मात्र खालसा करू शकला नाही, ही गोष्ट खरी आहे. त्या वेळी गादीवर होता प्रतापशहा बागुल.

मुल्हेर गावात सकाळी सातला पोचलो. गावातलाच एक बारावी झालेला पोरगा वाट दाखवायला आला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो अहिराणीत, "पानी शे ना भाऊ संगे?" मी एक बाटली दाखवली. तो काही न बोलता घरात गेला आणि पाच लिटरचा कॅन घेऊन आला. वर गेल्यावर कळलं का ते.

मुल्हेरचं वेगळेपण असं, की इथे किल्ला म्हणजे एकटा बुरूज-तटबंदी नाही. निम्म्या चढावर विस्तीर्ण माची आहे आणि त्या माचीवर एक पडलेलं शहर आहे. दरवाजे ओलांडून आत गेलं की तलावाच्या काठी गणपतीचं देऊळ लागतं. कोरीव खांब, खाली पाण्यात त्यांची सावली. पुढे झाडीत सोमेश्वराचं देऊळ. आणि मग सगळीकडे जोती. घरांची, वाड्यांची, कुणाकुणाची. राजवाड्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण त्यांच्यातून झाडं आलीयत. वडाची मुळं दगड सरकवतात, पाऊस माती वाहून नेतो आणि दरवर्षी एखादी भिंत कमी होते. दोन-तीन ठिकाणी जोत्याच्या मधोमध ताजे खड्डे दिसले. मी पोराकडे बघितलं. तो म्हणाला, "गुप्तधन. बाहेरचे येतात रात्री."

बाहेरचे की आतले, या वादात मी पडलो नाही. पण लक्षात घ्या, जोत्याखालून उकरलेला दगड परत जागेवर बसत नाही. सोनं मिळालं नाही तरी इतिहास गेलाच.

या माचीवर बसून मला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती सांगतो. मुल्हेरचं जुनं संस्कृत नाव मयूरगिरी. इथल्या दरबारात रुद्र नावाचा कवी होता. नारायणशहा बागुलाच्या काळात, शके १५१८ म्हणजे १५९६ साली, त्याने 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' नावाचं वीस सर्गांचं संस्कृत काव्य लिहिलं. विषय काय, तर बागुल घराण्याचा इतिहास. पुढे त्याच रुद्र कवीने अकबराचा मुलगा दानियाल, खानखाना आणि जहांगीर यांच्यावरही संस्कृत रचना केल्या. म्हणजे राजाचा कवी मोगलांची स्तुती लिहितोय, कारण राजाला दिल्लीशी जमवून घ्यायचंय. त्या काळचं परराष्ट्र धोरणच म्हणा की! हे काव्य १९१७ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये छापून निघालं. शंभर वर्षं होऊन गेली. मी सटाण्यात, नाशकात दहा-बारा शिकलेल्या माणसांना विचारलं. नाव ऐकलेला एकच निघाला, तो निवृत्त संस्कृत शिक्षक.

आपल्या तालुक्यावर एक अख्खं महाकाव्य आहे आणि आपल्याला माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं, मी दुसऱ्याला काय बोलणार.

खाली उतरताना मोसमचं खोरं दिसतं. हिरवं, पाट काढलेलं. इथे फड पद्धतीबद्दल बोलायलाच हवं, कारण माझ्या मते बागलाणचा खरा वारसा तो आहे. उत्तर महाराष्ट्रात मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी फिरवायची ही जुनी पद्धत. तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, त्यांना फड म्हणायचं. एका फडात एकच पीक. एका शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले. म्हणजे यंदा पाणी कमी आहे, एक फड पडीक ठेवायचा ठरला, तर झळ सगळ्यांना सारखी लागणार. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. त्यांचा मेहनताना गावाने द्यायचा. भांडण झालं तर गावात मिटवायचं.

पुढे विहिरी झाल्या, मोटारी आल्या, मोसमवर हरणबारी धरण झालं आणि ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बोअरमध्ये गेलं. फड बहुतेक ठिकाणी मोडले. आता आवर्तनासाठी दरवर्षी मोर्चे निघतात, त्याच्या बातम्या मीच करतो. तटबंदीचा दगड पडला तर आपण हळहळतो. वाटून पाणी पिण्याची एवढी शहाणी रीत पडली, तिच्यासाठी कुणी फलकही लावला नाही.

राज्य बुडालं कसं? १६३६ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला. वय अठराच्या आसपास. निजामशाही नुकतीच संपली होती. आता सुरत आणि दख्खनच्या मधे ही एकच स्वतंत्र पाचर उरली होती. १६३८ मध्ये मोगल फौज मुल्हेरला भिडली. गादीवर होता भैरजी उर्फ बहिरमशहा. वेढा काही महिने चालला. राजाने आईला आणि कारभाऱ्याला किल्ल्यांच्या किल्ल्या देऊन पाठवलं असं इतिहासकार सांगतात. त्याला सुलतानपूर परगणा मिळाला, बागलाण मोगलांना. अकबराला सात वर्षांत जमलं नाही ते नातवाच्या मुलाने काही महिन्यांत केलं. कारण डोंगर तेवढाच होता, पण आता आजूबाजूला दुसरं कुणी उरलं नव्हतं. छोटं राज्य दोन मोठ्यांच्या भांडणात टिकतं. एकच मोठा उरला की संपतं.

दुसऱ्या दिवशी साल्हेर.

वाघांबे गावातून चढलो. साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोचेपर्यंत माझी चाळिशी मला तीनदा आठवली. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून जाणारी वाट. वर पठारावर गंगासागर तलाव, रेणुकेचं देऊळ, गुहा. आणि सगळ्यात वरच्या टोकाला परशुरामाचं छोटं मंदिर, पादुका. उंची १,५६७ मीटर. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि शिखर म्हणून बघाल तर कळसूबाईनंतरचं दुसरं. इथूनच परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण केलं, अशी कथा इथली माणसं सांगतात. वर उभं राहून पश्चिमेला बघितलं की डांगचं जंगल आणि गुजरात. ही कथा इथेच का सुचली असेल ते न सांगता कळतं.

१६६४ ला पहिल्यांदा सुरत लुटली, ते जानेवारीत. दुसऱ्यांदा ऑक्टोबर १६७०. या दुसऱ्या वेळी महाराज परतले ते बागलाणातूनच. वाटेत दाऊदखान आडवा आला, वणी-दिंडोरीला लढाई झाली, मोगल हरले. आपल्या रोजच्या रस्त्यावर! दिंडोरीच्या लोकांनीही कधीतरी हे गावाच्या वेशीवर लिहावं. आणि लगेच जानेवारी १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला.

औरंगजेबाला हे परवडणारं नव्हतं. साल्हेर गेला म्हणजे सुरतेचा रस्ता गेला. इखलासखान, बहलोलखान यांना मोठी फौज देऊन वेढ्याला बसवलं. महाराजांनी प्रतापराव गुजरांना आणि मोरोपंत पिंगळ्यांना दोन बाजूंनी पाठवलं. फेब्रुवारी १६७२. किल्ल्याखालच्या उघड्या मैदानात समोरासमोर लढाई. तोवर मराठे म्हणजे गनिमी कावा, मोकळ्यावर मोगलांसमोर टिकणार नाहीत असा समज होता. तो समज इथे मोडला. इखलासखान जखमी होऊन हाती लागला. आणि आपल्या बाजूने सूर्याजी काकडे पडले.

या लढाईचं सगळ्यात जिवंत वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. सूर्याजींना त्याने महाभारतातल्या कर्णाची उपमा दिलीय. आकडे बखरीचे आहेत, ते शब्दशः घेऊ नयेत. पण योगायोग बघा. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर लिहिली कुठे? जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. आज त्याच यादीत साल्हेर आहे आणि जिंजीही आहे. मधे हजारेक किलोमीटरचं अंतर.

लढाईनंतर मुल्हेरही मराठ्यांकडे आला. संभाजी महाराजांच्या काळापर्यंत हा भाग झुंजत राहिला. साल्हेर मोगलांनी परत घेतला तो लढून नाही, १६८७ मध्ये किल्लेदाराला फोडून. पुढे पेशवाई. आणि जुलै १८१८ मध्ये मुल्हेर इंग्रजांच्या ताब्यात गेला. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढून तोवर आठ महिने झाले होते. म्हणजे मराठ्यांचं शेवटचं युद्ध संपताना सगळ्यात शेवटी पडलेल्या किल्ल्यांत मुल्हेर आहे. आपण अकबर, औरंगजेब सांगतो. ही गोष्ट कुणी सांगत नाही. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा बागलाण खानदेशातून तोडून नाशिकला जोडलं. भाषा मात्र खानदेशाची राहिली.

आता जे मला लिहायचं होतं त्याकडे येतो.

साल्हेरवाडीत संध्याकाळी एका घरी जेवलो. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. घरातल्या आजींनी पैसे घ्यायला नकार दिला, सुनेने घेतले, आणि सुनेचंच बरोबर होतं. तिला विचारलं, युनेस्कोनंतर काय बदललं? म्हणाली, "शनिवार-रविवारी गाड्या येतात. पाणी मागतात. संडास कुठे विचारतात. कचरा टाकून जातात." थोडं थांबून म्हणाली, "उन्हाळ्यात आम्हालाच पाणी नसतं दादा."

बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी वेगळीच भीती सांगितली. "आता वर गुरं न्यायची का नाही? लाकूड आणायचं का नाही? कुणी सांगत नाही." हा साधा प्रश्न नाही. यादीत नाव आलं की गाभ्याचं क्षेत्र येतं, भोवतीचं संरक्षित क्षेत्र येतं, बांधकामावर, खोदकामावर नियम येतात. यादीतले आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या संचालनालयाकडे. नियम असायलाच हवेत. पण ते ज्याच्या अंगणात लागू होणार त्याला त्याच्या भाषेत कुणी समजावून सांगणार की नाही?

लाओस नावाचा छोटा डोंगराळ देश आहे. तिथलं जुन्या राजांचं गाव लुआंग प्रबांग १९९५ मध्ये या यादीत आलं. गाव सुंदर राहिलं, देवळं जपली गेली, पैसाही आला. पण जुन्या गल्ल्यांतली घरं हळूहळू गेस्टहाऊस झाली आणि त्यात राहणारी बरीच माणसं गावाबाहेर गेली. पहाटे भिक्षूंना भात वाढायची रीत पर्यटकांच्या फोटोचा कार्यक्रम झाली. सगळं वाईट झालं असं नाही. पण त्या गावाने तीस वर्षांत जे शिकून घेतलं ते आपल्याला पहिल्याच वर्षी कळलं तर काय वाईट?

आणि आपल्याकडे दाखवायला फोटोपेक्षा जास्त आहे. मुल्हेर गावात उद्धव महाराजांची समाधी आहे. तिथे कोजागरीच्या रात्री रासक्रीडा होते. मोठं लाकडी चक्र सजवून वर चढवतात आणि खाली रात्रभर जुनी पदं म्हणतात. पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या तोंडून शिकलेली. राजा गेला, टांकसाळ गेली, तोफा गंजल्या, पण हे चालू आहे. कारण ते गावाने स्वतःचं मानलं.

म्हणून माझ्या काही मागण्या. एका पत्रकाराच्या आहेत, कुणी ऐकलं तर बरं.

एक. साल्हेरचा जो काही विकास आराखडा होईल त्यात मुल्हेर, मोरा, हरगड, सालोटा एकत्र घ्या. लढाई साल्हेरला झाली, पण राज्य मुल्हेरचं होतं. एकाशिवाय दुसरा कळत नाही.

दोन. मुल्हेरच्या माचीची मोजणी करा. जोती किती, टाकी किती, दरवाजे किती. निदान फोटो आणि नकाशा. गुप्तधनवाल्यांना जोती माहीत आहेत आणि सरकारला नाहीत, हे बरं नाही.

तीन. वाट दाखवणारी, जेवण देणारी, राहायला खोली देणारी माणसं साल्हेरवाडी, वाघांबे, मुल्हेर इथलीच हवीत. बाहेरच्या ठेकेदाराला ठेका गेला की विषय संपला.

चार. आधी पाणी आणि संडास. मग स्वागतकमान. क्रम चुकवू नका.

पाच. सटाण्याच्या एखाद्या कॉलेजने 'राष्ट्रौढवंशा'चा साध्या मराठीत परिचय करून द्यावा. तालुक्यातल्या पोरांना आपल्या गावावर महाकाव्य आहे एवढं तरी कळू दे.

परत आल्यावर आप्पांना फोटो दाखवले. गणपतीचं देऊळ, तलाव, राजवाड्याची भिंत. चष्मा पुसून पुसून बघत होते. इतकी वर्षं मुल्हेरला मुक्काम केला पण गड कधी चढले नाहीत. मी विचारलं, का?

म्हणाले, "रात्री साडेनऊला गाडी लावायची, पहाटे सहाला काढायची. गड कधी चढू? पण सकाळी गाडी सुरू करताना रोज दिसायचा. उजेड आधी त्याच्यावर पडायचा."

मग म्हणाले, "आता लिही."

लिहिलंय आप्पा. काही चुकलं असेल तर मुल्हेर-साल्हेरच्या, ताहाराबाद-सटाण्याच्या मित्रांनी खाली हक्काने सांगा, दुरुस्त करतो. आणि पुढच्या महिन्यात कुणी साल्हेरला निघालात तर एक दिवस जास्त काढा. मुल्हेरला थांबा. गावातला एखादा पोरगा वाटाड्या म्हणून घ्या, त्याला त्याचे पैसे द्या, आणि पाणी जास्त न्या.